आमची वाटचाल : ‘शून्य एरर’नंतरचा सोमवार

कोथरूडमधील दोन खोल्यांत आम्ही दोघा भागीदारांनी शेअरपॉइंटची, म्हणजे कार्यालयातील कागदपत्रे आणि मंजुऱ्या सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची, कामे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा 2007 ची आवृत्ती चलनात होती. 2010 ची आवृत्ती केवळ 64 बिट सर्व्हरवर चालत असल्यामुळे अनेक कारखान्यांना सर्व्हर बदलावे लागले आणि आमच्याकडे जुन्या सर्व्हरवरचा मजकूर नव्यावर नेण्याची, म्हणजे स्थलांतराची, कामे येऊ लागली.

भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे काम आम्ही शनिवार-रविवारी केले. डेटाबेसमधील अडचणी आधी दाखवणारी टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस ही आज्ञा चालवून खात्री केली, माउंट करून डेटाबेस नव्या सर्व्हरला जोडला, आणि अपग्रेड लॉगच्या शेवटी शून्य एरर, शून्य वॉर्निंग अशी ओळ पाहिली. मुखपृष्ठ उघडले, व्हिज्युअल अपग्रेड (पानांना नव्या आवृत्तीचे रूप देणे) केलेले नसल्याने ते जुन्यासारखेच दिसत होते. आम्ही समाधानाने घरी गेलो.

सोमवारी पहिल्या पाळीत ड्रॉइंग मंजुरीचे पान उघडेना. मंजूर ड्रॉइंगचा क्रमांक दुसऱ्या प्रणालीतून आणणाऱ्या वेब पार्टची (पानावर बसवलेल्या छोट्या घटकाची) जोडणी जुन्या सर्व्हरच्या वेब.कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये कोणीतरी हाताने लिहिलेली होती. डेटाबेस जोडला म्हणजे त्यातील मजकूर येतो, ही फाइल येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते आणि तरीही आम्ही ती ताडून पाहिली नव्हती. जुना सर्व्हर केवळ वाचनासाठी ठेवलेला होता, म्हणून ड्रॉइंग तिथून पाहता आली आणि उत्पादन थांबले नाही.

त्याच आठवड्यात शहरातील एका स्पर्धक संस्थेने आमच्या दोन ग्राहकांकडे जाऊन ही हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. दोघेही गेले. पुढचे तीन महिने आम्हा दोघांना घरी पगार नेता आला नाही आणि भागीदाराने नोकरी धरली. ज्यांनी आमची चूक गावभर केली, ते स्वतः लॉगची शेवटची ओळ छापून देऊन ‘काम पूर्ण’ म्हणत असत, याची सल मला आजही आहे.

भोसरीच्या त्या कारखान्यातील गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी मात्र बिल अडवले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, तुम्ही आमच्या माणसाच्या लॉगिनने एक तरी पान उघडले होते का? त्या प्रश्नातून आमची तपासणी-वही सुरू झाली. प्रत्येक साइटचे पान, ते रोज वापरणाऱ्याचे लॉगिन, उघडलेली फाइल, सुरू करून पाहिलेला वर्कफ्लो (मंजुरीसारखी टप्प्याटप्प्याने चालणारी प्रक्रिया), फुल क्रॉलनंतर (शोधाची सूची पूर्ण नव्याने तयार झाल्यावर) शोधात सापडलेला दस्तऐवज, आणि शेवटी त्या वापरकर्त्याची सही, अशी तिची रचना आहे. प्रशासकाच्या खात्याला सगळे दिसते, म्हणून परवानग्यांची चूक त्या खात्याने कधीच सापडत नाही, हे नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. टेस्टच्या आज्ञेने दिलेल्या अहवालातील ‘अपग्रेडब्लॉकिंग : फॉल्स’ याचा अर्थ अपग्रेड अडणार नाही एवढाच असतो; त्या नोंदीत नाव असलेला वेब पार्ट चालेल, असे ती म्हणत नाही. महिनाअखेरचे अहवाल निघेपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.

पुढची वर्षे कामात गेली. 2013 च्या आवृत्तीत त्याच सर्व्हरवर अपग्रेड करण्याची सोयच उरली नाही, डेटाबेस जोडणे हाच मार्ग राहिला, आणि त्याच साहेबांनी आम्हाला पुन्हा बोलावले. मंजुरीचे पान या वेळी त्यांनी स्वतःच्या लॉगिनने उघडले, तीन ड्रॉइंग मंजूर केली आणि मग वहीत सही केली.