आमची वाटचाल: बॅरलपासून मशीनच्या टाकीपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथं बिडाचं (कास्ट आयर्नचं) मशीनिंग करणाऱ्या शॉपमध्ये गेलात, की मशीनखालच्या टाकीत दुधासारखं पांढरं पाणी दिसतं. त्या पाण्यातलं कटिंग ऑइल, म्हणजे धातू कापताना जॉब आणि हत्यार थंड ठेवणारं तेल, आम्ही बनवतो. सुरुवात विक्रीपासून झाली. मोठ्या कंपन्यांचे बॅरल मुंबईहून आणायचे आणि उद्यमनगर-शिरोलीत पोचवायचे. त्यात सुटायचं थोडंच, पण कुणाकडे तेल का नासतं हे जागेवर बघायला मिळालं. पुढं स्वतःचं ब्लेंडिंग (तेलं मिसळून माल बनवणं) सुरू केलं ते या माहितीच्या जोरावर.

बेस ऑइल हा आमचा कच्चा माल. खनिज तेलातून पेट्रोल-डिझेल निघाल्यावर जो जड भाग राहतो, त्यातलं मेण आणि नको ते घटक काढून हे तेल तयार होतं. आमच्याकडे मुख्यतः एसएन १५० (पातळ) आणि एसएन ५०० (घट्ट) या प्रतींचं तेल लागतं. ते मुंबईच्या रिफायनरीतून येतं, नाहीतर न्हावाशेवाला उतरलेला आयात माल असतो. टँकर आला की वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काढतो. तापलेल्या प्लेटवर थेंब टाकला आणि तडतडला, तर तेलात पाणी आहे. मग चिकटपणा आणि फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ज्योतीनं पेटते ते तापमान. फ्लॅश पॉइंट आम्ही कधीच सोडत नाही. टँकरनं आधी डिझेल वाहिलं असेल आणि तळाशी थोडंसं राहिलं असेल, तर चिकटपणात फारसा फरक दिसत नाही. फ्लॅश मात्र २०० अंशांच्या वरून एकदम खाली येतो.

हायड्रॉलिकचं ६८ नंबरचं (म्हणजे ४० अंशांना ६८ चिकटपणाचं) तेल करताना नवखा माणूस हमखास सरासरी काढतो. ४० अंशांना एसएन १५० चा चिकटपणा ३० च्या आसपास, एसएन ५०० चा ९६ च्या आसपास. निम्मं-निम्मं घातलं की ६३ यायला हवं असं वाटतं, प्रत्यक्षात ५२ च्या जवळपास येतं. चिकटपणाची बेरीज सरळ होत नाही, लॉगच्या हिशेबानं होते. ६८ साठी एसएन ५०० साधारण ७३ टक्के धरावं लागतं, आणि तरीही बॅच उतरवण्याआधी मोजावंच लागतं. केटलचं (मिसळायच्या भांड्याचं) तापमान आम्ही ६० ते ६५ अंशांवर ठेवतो. लवकर विरघळावं म्हणून जास्त तापवलं, तर ॲडिटिव्हची (तेलात घालायच्या रसायनांची) ताकद जाते आणि तेलाचा रंग काळवंडतो.

पण कोल्हापूरचा खरा माल कटिंग ऑइलच. त्यात बेस ऑइल, तेल पाण्यात मिसळवणारं सोडियम पेट्रोलियम सल्फोनेट, फॅटी ॲसिडचा साबण, घटक एकजीव ठेवणारा थोडा कपलर, गंजरोधक आणि शेवटी, मिश्रण निवल्यावर, जंतुनाशक. तयार तेल बाटलीत आरपार दिसलं पाहिजे. धूसर दिसलं तर बॅच थांबवतो, कारण ते गोदामातच फाटतं.

बहुतेक तक्रारी मात्र बॅरल उघडल्यानंतरच्या असतात. तेल पाण्यात घालायचं, पाणी तेलात नव्हे; उलटं केलं की मलईसारखा गोळा होतो आणि पुन्हा पाण्यात मिसळत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्या शॉपमध्ये पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि वर चिकट साय येते. म्हणून पहिला बॅरल देण्याआधी आम्ही पाण्याचा जडपणा तपासतो. बिडाच्या टर्निंगला पाण्यात ४ ते ५ टक्के तेल, ग्राइंडिंगला २ ते ३ टक्के पुरतं. पाणी उडून जातं, तेल मागं राहतं; त्यामुळे भर घालताना नुसतं पाणी नको, १ ते २ टक्क्यांचं मिश्रण घालावं. ऑपरेटरच्या हातात मिश्रणातलं तेलाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असलाच पाहिजे. साखर कारखान्यात उसाच्या रसाचं ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) बघतात तोच. फक्त आकडा तेलाच्या फॅक्टरनं गुणायचा.

साप्ताहिक सुट्टीनंतर शॉप उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आधी टाकीच्या वरचा थर बघा. स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल गळून वर पसरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेविना वाढणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. स्किमरनं (वरचं तेल ओढणाऱ्या यंत्रानं) तेल काढा, तळाचा बिडाचा गाळ उपसा, सुट्टीत पंप थोडा वेळ फिरवा. पीएच ८.५ च्या खाली गेला की जॉबवर गंजाचे डाग आलेच. आम्ही गंजाची परीक्षा साधी करतो: फिल्टर पेपरवर २ ग्रॅम बिडाची चिप, तिच्यावर २ मिली मिश्रण, २ तास झाकून ठेवायचं, मग चिप झटकून पेपरवरचे डाग बघायचे. ग्राहकासमोर त्याच्याच टाकीतलं मिश्रण घेऊन केली, की दराची घासाघीस बाजूला राहते.

गंजरोधक तेल हा वेगळा विभाग. त्यात मिनरल टर्पेंटाइन असतं, म्हणजे कायद्यातल्या ज्वलनशीलतेच्या वर्गीकरणात ब वर्गाचं पेट्रोलियम. २,५०० लिटरपर्यंत साठा असेल आणि एकाही भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. आम्ही तो साठा वेगळ्या शेडमध्ये, मर्यादेच्या खालीच ठेवतो.

पैशाचं गणित अवघड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. बेस ऑइल रोखीनं घ्यायचं, दर कच्च्या तेलाबरोबर हलतो, आणि फाउंड्रीकडून पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं उशिरात उशिरा ४५ दिवसांत चुकती झाली नाहीत, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला ती रक्कम खर्चात धरता येत नाही, ही आयकराची तरतूद २०२३-२४ पासून लागू झाली. तेव्हापासून मार्चमध्ये वसुली सुधारली आहे.

पावसाळ्यात बॅरल बाहेर उभा ठेवू नका. झाकणावर पाणी साचतं, रात्री तेल आकसतं आणि बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली.

आता नवं काम जुन्या मिश्रणाचं आहे. ते गटारात सोडलं तर शेवटी पंचगंगेतच जातं. आम्ही ग्राहकाच्या आवारात आम्ल आणि तुरटीनं मिश्रण फोडतो (तेल आणि पाणी वेगळं करतो), वरचं तेल वेगळं काढून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवतो, आणि खालचं पाणी उदासीन करून सांडपाणी प्रक्रियेला देतो. तेल विकताना या कामाचा दरही आता कोटेशनमध्येच लिहितो.