व्हॉल्व्हचा बेस प्रीअँप आणि जी सुरात बसलेला हम

मागच्या रविवारी रात्री साडेअकराला माझा प्रीअँप, म्हणजे बेस गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा घरी बनवलेला डबा, पहिल्यांदा गप्प बसला. हेडफोन कानाला, व्हॉल्यूम अर्ध्यावर, आणि आत फक्त बारीक सस्स. त्याआधी तीन आठवडे त्यातून सतत गुरगुर, म्हणजे हम, यायची, आणि ती नेमकी बेसवाल्याच्या सगळ्यात अडचणीच्या जागी बसलेली असते हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. कुणी घरी बनवायला घेणार असेल तर त्याचे तेवढे दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

सर्किट साधं आहे. एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, म्हणजे आपल्याकडे ईसीसी८३ म्हणतात तोच, एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग, प्रत्येकाला ग्रिड, प्लेट आणि कॅथोड अशी टोकं. पहिला ट्रायोड, मग फेंडरच्या जुन्या अँपांमधला बेस-मिड-ट्रेबल टोन स्टॅक, मग व्हॉल्यूम, मग दुसरा ट्रायोड, संपलं. अलेम्बिकचा एफ-२बी हा बेसवाल्यांचा नावाजलेला प्रीअँपही याच घराण्यातला. रेझिस्टर असे: प्लेटला १०० के (किलोओहम), कॅथोडला १.५ के, ग्रिडच्या तोंडाशी ६८ के. कॅथोडच्या रेझिस्टरला आडवा लागणाऱ्या बायपास कपॅसिटरकडे मात्र नीट बघा, कारण गिटारच्या काही सर्किटमधे तिथे ०.६८ मायक्रोफॅरॅड असतो, तो लावला तर तीनशे हर्ट्झच्या आसपासपासून खालचा गेन उतरायला लागतो आणि आपली ई तार आहे ४१ हर्ट्झला, म्हणजे आपलंच पोट कापल्यासारखं. २५ मायक्रोफॅरॅड लावा.

व्हॉल्व्हचा सॉकेट, टॅग स्ट्रिप, ४५० व्होल्टचे कपॅसिटर असं बरंचसं पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत फिरून जमवलं, व्हॉल्व्ह तेवढा ऑनलाईन मागवला. हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर तयार मिळेना, म्हणून २३० ते १२ चे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावले, पहिल्याच्या १२ व्होल्टवर हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, पेटतो आणि तेच १२ व्होल्ट दुसऱ्याला उलटे दिले की पलीकडे परत वर चढतात. पूर्ण २३० मिळत नाहीत, मला १९० च्या आसपास मिळाले, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा ब्रिज) आणि फिल्टर झाल्यावर २५० डीसी. प्लेटवर १७०, कॅथोडवर १.२. एवढे आकडे जुळले की व्हॉल्व्ह नीट चालतोय.

आणि २५० डीसी जीव घेतं, हे सरळ सांगतो. बाबा एमएसईबीत लाईनमन होते, त्यांनी डबा उघडा बघितला आणि पहिलं वाक्य हेच, "बंद केलंय म्हणजे मेलंय असं समजू नकोस रे." कपॅसिटरमधे चार्ज राहतो. म्हणून २२० के चा दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा आडवा टाकलाय, तरी प्लग काढून दोन मिनिटं थांबायचं, मल्टिमीटर लावायचा, आकडा पाचच्या खाली दिसल्याशिवाय बोट आत नाही. पहिल्यांदा चालू करताना बाबांनी सिरीजमधे ४० वॉटचा बल्ब लावायला लावला, कुठे शॉर्ट असता तर बल्ब भगभगून पेटला असता, बाकी काही जळलं नसतं. अर्थिंगची वायर चॅसीला, म्हणजे पत्र्याच्या डब्याला, वेगळ्या बोल्टने, रंग खरवडून, हे पण त्यांनीच स्वतः ओढून बघितलं.

आता त्या गुरगुरीचं. आपली लाईट ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी असतो ४९ हर्ट्झला. रेक्टिफायरनंतर डीसीवर उरणारी लहर, म्हणजे रिपल, होतो १०० हर्ट्झचा, आणि उघडी जी तार ९८ ला. म्हणजे दोन्ही हम आपल्या जी ला चिकटून बसलेत! अमेरिकेत ६० हर्ट्झ, तो बी आणि बी फ्लॅटच्या मधोमध कुठेतरी पडतो, म्हणून त्यांच्या गाईडमधे ही गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नाही. इथे जी वाजवला की सूर थरथरतो, वाँव-वाँव-वाँव, तार सुरात लावलेली असूनही बेसूर वाटते.

पण याच थरथरीने मला दोष सापडला. दोन सुरांत जेवढ्या हर्ट्झचा फरक, तेवढे झोके सेकंदाला ऐकू येतात. उघडी ९८ ची जी तार छेडली आणि मोजलं, सेकंदाला दोन झोके. म्हणजे समोरचा सूर १००, म्हणजे हीटरचा संशय सोडायचा आणि रेक्टिफायरकडे बघायचं. बघितलं तर पहिल्या फिल्टर कपॅसिटरची मायनस आणि इनपुट जॅकची ग्राउंड मी एकाच टॅगवर सोल्डर केली होती. तो कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा झटक्यात चार्ज होतो, तो सगळा करंट त्या टॅगच्या इंचभर वायरमधून जायचा, आणि त्या वायरवर पडणारे मिलिव्होल्ट इनपुटला सिग्नल म्हणून दिसायचे. मायनस सोडवून सरळ ब्रिजवर नेली, तिथून ग्राउंड एका रांगेत, पॉवरकडून आउटपुट, आउटपुटकडून इनपुट, आणि चॅसीला फक्त इनपुट जॅकपाशी एकदाच टेकवली. शंभरचा हम गेला.

मग खाली राहिला ५० चा, हलका, तिसऱ्या फ्रेटवर सेकंदाला एक झोका. हीटरच्या वायरी आधीच घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या होत्या. म्हणून संशय ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर गेला. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढले, वायरी तशाच ठेवून इन्सुलेटेड हातमोजा घालून तो जागच्या जागी सावकाश फिरवला, आणि साधारण नव्वद अंशाला आवाज असा विरला की मी श्वास धरून बसलो. पेन्सिलने खूण केली, प्लग काढला, तिथेच बोल्ट मारला.

आवाज कसा आहे? हळू वाजवलं तर स्वच्छ, अगदी साधा, उगाच जादू शोधू नका. जोरात तार ओढली की व्हॉल्व्ह एका बाजूने जरा दबतो, ४१ च्या ई सोबत ८२ चा सूर थोडा वर येतो, आणि छोट्या स्पीकरवरसुद्धा खालची पट्टी ऐकू येते. मला हेच हवं होतं. फेंडरचा टोन स्टॅक मधली पट्टी खातो, तेव्हा मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल दोनच्या आसपास ठेवा.

एक गोष्ट राहिलीय. आउटपुट थेट प्लेटवरून घेतलंय, त्यामुळे आठ मीटरची केबल लावली की वरची चमक जाते. पुढच्या महिन्यात १२एयू७ या दुसऱ्या व्हॉल्व्हचा कॅथोड फॉलोअर, म्हणजे लांब केबल सहज ओढणारा शेवटचा टप्पा, जोडणार, म्हणजे पत्र्याला २२ मिमीचं अजून एक भोक आणि तापकीर गल्लीत अजून एक चक्कर.