येळवशीची रात्र

कथासंग्रह निघून दोन महिने झाले होते. रोज फेसबुकवर मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, पन्नास जणांना टॅग करायचं, खाली 'आजच मागवा'. लाइक यायचे ते लेखकमित्रांचेच, आणि मीही त्यांना तेच परत करायचो. एका वडीलधाऱ्या वाचकानं फोन करून सांगितलं, "मला टॅग करत जाऊ नका. वाचायचं असलं की मीच येईन." जिव्हारी लागलं.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. संध्याकाळी घरी येऊन त्यावरच लिहिलं, सकाळी आंबील करण्यापासून सगळं; पुस्तकाचं नावही काढलं नाही. आंबील शिंपडताना आजोबा "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणायचे. तुमच्याकडं काय म्हणतात, एवढंच विचारलं.

निलंग्याच्या एका बाईंनी लिहिलं, "होलग्या होलग्या सालम पलग्या." उदगीरचे एक आजोबा म्हणाले, हे मूळचं कानडी. दोघांचं तिथंच जुंपलं, पण मायेनं. नुसतं 'धन्यवाद' न म्हणता मी प्रत्येकाला पुढचं काहीतरी विचारत गेलो. रात्रीचा दीड वाजला. माणसांमधल्या बोलण्याला पुढं आणणार, हे फेसबुकनं २०१८च्या जानेवारीतच जाहीर केलं होतं. मी मात्र तोवर फक्त ओरडत होतो, बोलत नव्हतो.

तेवढ्यात अहमदपूरकडच्या एकाचा मेसेज आला: "सर, आमी कारखान्यावर ऊस तोडलालाव. आमची बी कोपीच हाय, पण पाचटाची. औंदा येळवस चुकली."

काय उत्तर द्यावं सुचेना. संग्रहातली येळवशीची गोष्ट अर्धी वाचून, रेकॉर्ड करून त्याला पाठवली. पुस्तक घ्या म्हणायची लाज वाटली, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा आवाज आला. मागं कोयत्यांचा खणखणाट. "बायकू म्हणती, आंबील सकाळी करत न्हाईत. ताकात पीठ आदल्या दिशीच कालवून ठिवावं लागतंय, आंबाया. तुमी चुकीचं लिवलाव." मग जरा थांबून, "आन् त्या म्हातारीचं फुडं काय झालं, इचारलालीय."

पोस्टमधली ओळ लगेच बदलली, चूक कुणी दाखवली तेही लिहिलं. उरलेली गोष्ट रेकॉर्ड करायला गच्चीवर गेलो.