आमची शाळा 'अकॅडमी' झाली, त्याची गोष्ट (माझा अनुभव)

सासऱ्यांना फोनवर सांगितलं की नातीची शाळा आता अकॅडमी होणार, तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे पोलीस भरतीची का गं?" त्यांचं काही चुकलं नाही, कराडला स्टँडवरून घरी येईतो अमुक करिअर अकॅडमी तमुक डिफेन्स अकॅडमी असे चार फ्लेक्स तरी दिसतात. मग मी त्यांना अर्धा तास समजावलं. इथे म्हणजे इंग्लंडमध्ये (फक्त इंग्लंड हं, स्कॉटलंड-वेल्सला ही भानगडच नाही) सरकारी शाळा काउन्सिलच्या हाताखाली असतात, अकॅडमी झाली की काउन्सिलमधून बाहेर पडते, एक ट्रस्ट ती चालवतो, पैसे थेट लंडनहून केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याकडून येतात, आणि पोरांना फी नाही ती नाहीच. आप्पा तीस वर्षं झेडपीचे मास्तर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे झेडपीची शाळा संस्थेला दिली आणि शंभर टक्के अनुदान डायरेक्ट दिल्लीहून." मी शिक्षण खात्याचं मार्गदर्शन पानन् पान वाचलंय, यापेक्षा सुटसुटीत व्याख्या मला त्यात सापडली नाही.

मी यात पडले कशी ते सांगते. शाळेत पेरेंट गव्हर्नरची जागा निघाली, निवडणूक असते, फॉर्म आला एकच, माझा. बिनविरोध! आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखंच थोडंफार, फक्त इथे गव्हर्निंग बॉडीला खरोखरचे अधिकार असतात, बजेट पास करायचं, हेडटीचर नेमायची, सगळं. मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून लगेच फायनान्स कमिटीत टाकलं. आणि पुढच्याच टर्मला, म्हणजे २०१७ च्या सप्टेंबरात, अजेंड्यावर शेवटून दुसरा विषय, 'अकॅडमी कन्व्हर्जन, प्राथमिक चर्चा'. ती प्राथमिक चर्चा रात्री साडेदहापर्यंत चालली.

हेडबाईंचं म्हणणं साधं होतं. २०१६ च्या मार्चमध्ये निकी मॉर्गन शिक्षणमंत्री असताना सरकारने जाहीर केलं होतं की २०२२ पर्यंत सगळ्या शाळा अकॅडमी करणार, सक्तीने. इतका आरडाओरडा झाला की मे महिन्यात सक्ती मागे घेतली, पण हेड लोकांच्या डोक्यातली भीती काही गेली नाही. आज ना उद्या जावंच लागणार असेल तर आपल्या पसंतीने चांगल्या ट्रस्टमध्ये जाऊ, उद्या ऑफस्टेडच्या (शाळा तपासणारी सरकारी संस्था) तपासणीत 'इनॅडिक्वेट' म्हणजे तेव्हाचा सगळ्यात खालचा शेरा बसला तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे अकॅडमीची ऑर्डर सरकारच काढतं, मग कुठल्या ट्रस्टच्या गळ्यात बांधतील ते आपल्या हातात नाही. आमची शाळा 'गुड' होती, २१० पोरं, सात वर्ग. म्हणजे चांगलं स्थळ, आत्ताच बघा, असा एकूण सूर.

यात जास्तीचे पैसे मिळतात हा एक समज मात्र तिथेच मोडला. २०१० च्या कायद्यानंतर मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना जे पहिले गेले त्यांना काउन्सिल ज्या सेवा द्यायची त्याबदल्यात वेगळी ग्रँट मिळायची, तिचा जनरल रेट २०१७ च्या सप्टेंबरातच बंद झाला. आम्ही पंगतीला बसलो तेव्हा वाढपी निघून गेले होते.

ट्रस्ट बघायला आम्ही तिघे गव्हर्नर गेलो. प्रेझेंटेशन, बिस्किटं, हसरी मुलं असलेलं चकचकीत ब्रोशर, सगळं छान. मी कंपनीज हाउसवरून (इथलं कंपन्यांचं सरकारी रजिस्टर) त्यांचे तीन वर्षांचे अकाउंट्स काढून नेले होते (ट्रस्ट कंपनीच असते, चॅरिटी पण असते, त्यामुळे सगळं उघडं असतं, फुकट बघता येतं). ते प्रत्येक शाळेच्या ग्रँटमधून ५ टक्के कापून घेणार होते, त्या बदल्यात पेरोल, एचआर, फायनान्स त्यांचं. ठीक वाटलं. पण मी जो प्रश्न विचारायला हवा होता तो मला फार उशिरा सुचला, त्याबद्दल पुढे येतेच.

कागदोपत्री प्रवास खरंच नीट लिहून ठेवलेला आहे, त्याला नावं ठेवणार नाही. गव्हर्नरांनी ठराव करायचा, अर्ज भरायचा, तो तेव्हा रीजनल स्कूल्स कमिशनर म्हणजे शिक्षण खात्याचा त्या भागातला अधिकारी आणि त्यांचं हेडटीचर्सचं बोर्ड बघायचं, मग अकॅडमी ऑर्डर येते. मंजुरीनंतर खर्चासाठी २५,००० पौंड मिळायचे तेव्हा. (२०२५ च्या जानेवारीपासून ते बंद केलेत, आता जाणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून करायचं.) ऐकायला मोठी रक्कम वाटते. आमचे वकील, पेन्शनचं गणित मांडणारे अ‍ॅक्च्युअरी, कॉम्प्युटरची हलवाहलव, आणि काउन्सिलच्या वकिलांचं बिलही आम्हालाच लावलं, मग उरतंय काय, गेटवरची नवी पाटी!

मतदान झालं, दहातले सात बाजूने, दोन विरोधात, एक तटस्थ. मी बाजूने दिलं. पालकांचं मतदान नसतं, सल्लामसलत कायद्याने करावी लागते पण निर्णय गव्हर्नरांचाच. आम्ही पाच आठवडे ठेवली, हॉलमध्ये मीटिंग घेतली, चाळीस खुर्च्या मांडल्या, अकरा लोक आले, आणि सगळ्यात जास्त वेळ गेला युनिफॉर्म बदलणार का यावर. नाही बदलणार म्हटल्यावर चार जण उठून गेले.

स्टाफचं मात्र तसं नव्हतं. ट्युपी म्हणून २००६ चे नियम आहेत, धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर नोकरी, पगार, आधीची सर्व्हिस जशीच्या तशी पुढे जाते, त्याप्रमाणे सगळ्यांना पत्रं, युनियनवाल्यांबरोबर बैठका. शिक्षकांची पेन्शन देशपातळीवर, तिला काही होत नाही. पण टीचिंग असिस्टंट, ऑफिसमधल्या बाई, दुपारी जेवणाच्या वेळी पोरं सांभाळणाऱ्या बायका, केअरटेकर, यांची पेन्शन लोकल गव्हर्न्मेंटच्या फंडात, आणि त्या फंडात तूट. त्या तुटीतला आपला हिस्सा डोक्यावर घेऊनच ट्रस्टमध्ये जायचं. आकडा बघून मला घाम फुटला. मग कळलं की ट्रस्ट बुडाला तर ती देणी सरकार भागवेल अशी हमी २०१३ मध्ये पार्लमेंटसमोर दिलेली आहे. तेवढ्या एका हमीवर आख्खी योजना उभी आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं. जेवणाच्या वेळच्या बाईंनी मात्र एकच विचारलं, पगार पंचवीस तारखेलाच होणार ना, कारण भाड्याचा हप्ता सव्वीसला जातो. कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी लाज वाटली.

आता जमीन. आम्ही १ एप्रिल २०१८ ची तारीख धरली होती, झालं १ सप्टेंबरला, ते पाच महिने नुसते जमिनीने खाल्ले. काउन्सिलच्या शाळेची जमीन काउन्सिलच्याच नावावर राहते आणि ट्रस्टला १२५ वर्षांच्या लीजवर देतात. त्यासाठी आधी जमीन कुठपर्यंत आहे ते कळायला हवं ना. इथला सातबारा म्हणजे लँड रजिस्ट्रीचा टायटल प्लॅन, नकाशावर लाल रेघ. आमची लाल रेघ केअरटेकरच्या बंगल्याच्या किचनमधून गेलेली! बंगला शाळेच्या आवारात, राहणारा शाळेचा माणूस, पण काउन्सिल म्हणे बंगला लीजमध्ये देणार नाही. कोपऱ्यात वीज कंपनीचं सबस्टेशन, त्याची वेगळी जुनी लीज, ती कुणाच्या फायलीत आहे ते सहा आठवडे सापडेना. मैदानाच्या कडेने सार्वजनिक पायवाट. आणि मागच्या बाजूला प्लेग्रुपची लाकडी केबिन, तिच्यात रोज वीसेक पोरं बसतात, तिचा कुठलाच कागद नाही, कधीतरी कुणीतरी बसा म्हणालं असेल आणि ते बसले. आमचा वकील दर सोमवारी मेल करायचा, या पट्टीचा वापर किती वर्षांपासून आहे. मी गावाकडची, बांधावरून तीन पिढ्या न बोलणारी घरं बघितलेली, मला वाटायचं इंग्रजांच्या देशात मोजणी पक्की असेल. कसलं काय.

शेवटी बंगला बाहेर ठेवला, प्लेग्रुपला छोटा करार करून दिला, आणि लीज तयार झाली. भाडं किती, तर मागितल्यास वर्षाला एक मिरीचा दाणा. पेपरकॉर्न रेंट, कायद्यात काहीतरी मोबदला दिसायला हवा म्हणून तसं लिहायची इथली जुनी पद्धत. आप्पांना सांगितलं तर ते फोनवर इतके हसले की खोकला आला. "मिरी आपल्याकडूनच नेलेली असणार त्यांनी."

या सगळ्यात मेमध्ये जीडीपीआर म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा नवा कायदा आला, त्यामुळे प्रत्येक पत्र दोनदा. फोटोकॉपियरचं कॉन्ट्रॅक्ट, जेवणवाल्यांचं, ब्रॉडबँडचं, प्रत्येकाला नवीन नावाने करून घ्या. ते सोडते, कंटाळवाणं आहे.

तर तो न सुचलेला प्रश्न. सही करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात 'स्कीम ऑफ डेलिगेशन' म्हणून एक तक्ता होता, कोणता निर्णय कोण घेणार याचा. ट्रस्टी, सीईओ, हेड, लोकल गव्हर्निंग बॉडी असे रकाने. शेवटचा रकाना आमचा. बजेट मंजूर करणे, आमच्या रकान्यात 'सल्ला'. हेडची नेमणूक, 'पॅनेलवर एक प्रतिनिधी'. शाळेची शिल्लक, रकाना रिकामा. आणि तळाला ओळ, हा तक्ता ट्रस्टी कधीही बदलू शकतात. आम्ही वर्षभर हॉलमध्ये, पत्रकात, स्टाफरूममध्ये शाळेला स्वातंत्र्य मिळणार म्हणून सांगत होतो. अभ्यासक्रम ठरवायचं, पगाराचे नियम ठरवायचं, सुट्ट्यांच्या तारखा ठरवायचं स्वातंत्र्य, ते तेव्हा मिळत होतं, खोटं नाही, पण ते ट्रस्टला. कायद्याच्या नजरेत ट्रस्टच काय तो माणूस, सरकारशी फंडिंगचा करार त्याचा, बँक खातं त्याचं, आमची शाळा त्याच्या हाताखालचं एक नाव. आणि उद्या पटलं नाही म्हणून शाळेला स्वतःहून काउन्सिलकडे परत येता येत नाही. हे काही लपवलेलं नव्हतं, मार्गदर्शनात लिहिलेलं आहे, फक्त मी वाचताना माझं लक्ष पेन्शनवर होतं. कुणी मराठी पालक इकडे गव्हर्नर असाल आणि हा विषय निघाला तर ब्रोशरच्या आधी तो तक्ता मागा, पहिल्याच भेटीत.

मी सही केली का? सही चेअरची असते, पण मी विरोधात बोलले नाही. तोपर्यंत सगळं एवढं पुढे गेलं होतं, आणि तो ट्रस्ट वाईट नव्हता, नाहीये. पोरांना फोनिक्सचे नवीन पुस्तकांचे सेट मिळाले, आजारी शिक्षिकेच्या जागी दुसऱ्या शाळेतून माणूस येतो. पगार पंचविसाऐवजी अठ्ठावीसला व्हायला लागला. त्या बाईंनी भाड्याची तारीख बदलून घेतली, मीच बसून त्यांच्या घरमालकाला मेल लिहून दिला.

१ सप्टेंबर २०१८ ला शनिवार होता. सकाळी अकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका वडिलांचा स्क्रीनशॉट, सरकारच्या शाळांच्या रजिस्टरमध्ये आमच्या शाळेपुढे 'बंद' असं लिहिलेलं, खाली सतरा घाबरलेले मेसेज, मंगळवारी पोरं कुठे पाठवायची. कारण कायद्याने जुनी शाळा आदल्या रात्री बंद होते आणि त्याच नावाची नवी शाळा नव्या नंबराने सुरू होते, हे सांगायला आम्ही सगळे साफ विसरलो होतो. भाजी गॅसवर, एका हाताने टाइप करत सगळ्यांना समजावत बसले.

दर दिवाळीला फोनवर आप्पा न चुकता विचारतात, मिरी भरली का यंदाची. अजून तरी कुणी मागितलेली नाही.