आमची वाटचाल : नेरुळच्या गाळ्यातली पाण्यातली झाडं

दुकान सुरू केलं तेव्हा आम्ही फक्त मासे विकायचो. नेरुळला भाड्याचा एक छोटा गाळा, मी आणि धाकटा भाऊ, रविवारी पहाटेच्या हार्बर लोकलने कुर्ल्याच्या बाजारातून माल आणायचा आणि दहाच्या आत शटर उघडायचं. झाडं म्हणजे कोपऱ्यातल्या टबात व्हॅलिस्नेरिया न् कबोंबा, मासे घेणाऱ्याला एक जुडी तशीच देऊन टाकायचो.

मग लोक मोबाईलवर, पाण्यातल्या झाडांनी टँक सजवणाऱ्या जपानच्या ताकाशी अमानोंच्या टँकचे फोटो दाखवून असंच पाहिजे म्हणायला लागले, म्हणून आम्हीही क्रिप्टोकोरीन, रोटाला, अनुबियास अशी झाडं मागवली आणि ती खपलीही जोरात. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू. पानं काचेसारखी होऊन गळतात, पाणी गढूळ होतं.

सानपाड्याचे एक काका पिशवीत क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरीन, परत घेऊन आले, भांडायला नाही, उलट आपल्याच हातून झाड मेलं म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मी ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. पाल्याचा पार लगदा झालेला, पण मुळं पांढरी आणि कडक, आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी कोंब. झाड जिवंत होतं! नर्सरीत ही झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर दमट हवेत वाढवतात, पाण्यात बुडवली की ती जुनी पानं टाकून देतात आणि पाण्यात चालणारी नवीन काढतात, तेवढे दिवस मुळं हलवायची नाहीत बस. हे आम्ही एकाही कस्टमरला सांगितलं नव्हतं. चूक आमची होती.

तेव्हापासून आलेला माल लगेच विकायचा नाही असं ठरवलं. तीन-चार आठवडे आमच्याच टँकमध्ये बुडवून ठेवायचा, नवीन पानं दिसली की मगच बाहेर काढायचा. पैसे अडकले, माशांचे सहा टँक रिकामे करावे लागले, भावाला ते अजिबात पटलं नव्हतं आणि पहिले काही महिने भाडं सुटेना. पण परत येणारी झाडं जवळजवळ थांबली.

खताचं मात्र महागात पडलं. इम्पोर्टेड बाटल्या परवडेनात. आमचे मामा जुन्नरकडे द्राक्षं करतात, त्यांच्याकडे 13-0-45 आणि 0-52-34 या खतांची पाकिटं बघितलेली (आकडे म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियमचं प्रमाण), तीच कृषी सेवा केंद्रातून आणून पाण्यात विरघळवून द्यायला लागलो आणि झाडं खरंच सुधारली. एकदा 13-0-45 संपलं म्हणून मी 19-19-19 टाकलं. सकाळी शटर उघडलं तर डिस्प्ले टँकमधले कार्डिनल टेट्रा वर येऊन तोंड उघडझाप करत होते, दुपारपर्यंत निम्मे गेले. 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते बेताने टाकलं तर माशांना चालतं, 19-19-19 मध्ये युरिया आणि अमोनियाचा नायट्रोजन पण असतो, माशांसाठी ते विषच. ते मासे अजून डोळ्यासमोर येतात. आता खत आम्ही स्वतः वजन करून बाटलीत भरून देतो, पाकीट कुणाच्या हातात देत नाही.

कुणी झाड आजारी आहे म्हणून फोटो पाठवला की आम्ही पहिलं विचारतो, खराब कुठलं पान झालंय, जुनं की नवीन. नायट्रोजन आणि पोटॅशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात नाहीतर त्यांना बारीक भोकं पडतात. लोह तसं हलत नाही, त्यामुळे शेंड्याची कोवळी पानंच फिकट येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग पाणी विचारतो, कारण मोरबे धरणाचं नळाचं पाणी आमच्या पाणी तपासायच्या किटवर मऊच, म्हणजे कमी क्षारांचं येतं पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं मिसळलं की सगळा हिशोब बदलतो. आणि शेवाळाची तक्रार असेल तर दहातल्या आठ घरी लाईट बारा-बारा तास चालू असतो, टायमर लावून सहा-सात तासांवर आणला की निम्मं काम होतं. अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरू नका, दगडाला दोऱ्याने बांधा, हे तर पावतीच्या मागेच छापून घेतलंय.

आता ऐरोलीपासून खारघरपर्यंत घरी जाऊन टँक लावून देतो आणि सांभाळतोही. फक्त मे महिन्यात सीओटूचा, म्हणजे झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड गॅस सोडायचा, नवीन सेटअप लावत नाही. पाणी 32 डिग्रीला गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात गॅस सोडला की मासे धापा टाकतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बुकिंग घेतो.