एक जादा ‘द’

स्वरलेखनाच्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये ‘द’ (the) हा शब्द लागोपाठ दोनदा पडला होता. त्यातला एक काढायला मला पाच आठवडे लागले. राग आता बराच निवळलाय, सगळा नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये माउसने स्वर ओढून ठेवायचे नसतात. साध्या मजकुरात अक्षरं टाइप करायची, प्रोग्रॅम त्यातून स्टाफ (स्वर मांडायच्या पाच आडव्या रेघा), स्वर, स्लर (स्वरांवरची कमान) असं छापील पान घडवतो. त्यामुळे मॅन्युअल उशाशी घेऊनच बसावं लागतं. बोटांचे आकडे स्टाफच्या आत कसे ठेवायचे ते शोधत होतो, तेव्हा उदाहरणावरच्या वर्णनात ते दोन ‘द’ दिसले. दोन मिनिटांचं काम, करून टाकू म्हटलं.

खातं उघडणं, सोर्स म्हणजे मॅन्युअलच्या मूळ फाइली उतरवून घेणं, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) वेगळी ब्रँच, म्हणजे आपल्या बदलांसाठी स्वतंत्र फांदी, काढणं हे सगळं अर्ध्या तासात झालं. त्याबद्दल तक्रार नाही.

मग ते वाक्य शोधायला बसलो. ब्राउझरमध्ये डोळ्यांसमोर दिसणारं वाक्य सोर्समध्ये सापडेचना. ‘द द’ शोधलं, शून्य. आजूबाजूचे चार शब्द घेऊन शोधलं, तरी शून्य. मी चुकीची आवृत्ती उतरवली असं वाटून सगळं पुसून पुन्हा उतरवलं. संध्याकाळ गेली. कारण कळलं तेव्हा स्वतःचीच कीव आली: सोर्समध्ये ओळी ठरावीक लांबीला तोडलेल्या असतात. पहिला ‘द’ एका ओळीच्या शेवटी होता, दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. म्हणूनच तर इतकी वर्षं तो कोणाच्या नजरेला पडला नसणार. शिवाय मॅन्युअल टेक्सिन्फो नावाच्या मांडणीच्या भाषेत लिहिलेलं, म्हणजे शब्दांच्या मध्येमध्ये ॲट चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा पेरलेल्या. तेव्हा लांब वाक्य शोधू नका. त्या परिच्छेदातला एखादा विरळा शब्द घ्या, एकटाच, आणि तो शोधा.

‘द’ काढला, कमिट केलं (बदलाची नोंद केली), मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती, टाकली. त्या एका शब्दासाठी सर्व्हरवर सगळं मॅन्युअल नव्याने बांधलं गेलं. त्यातली स्वरलेखनाची चित्रं कोणी चिकटवलेली नसतात, प्रत्येक उदाहरण सॉफ्टवेअरमधून चालवून चित्र काढलं जातं. तपासणीला हिरवी खूण आली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला, एका ओळीचा: ही फाइल हाताने बदलायची नसते, वरची सूचना वाचा. फाइल उघडली. सगळ्यात वर, कॅपिटल अक्षरांत, अगदी तसंच लिहिलेलं होतं. मी शोधातून थेट त्या ओळीवर उडी मारली होती, फाइलचा माथा बघितलाच नव्हता. माझी चूक, मान्य. पण उत्तर देणाऱ्याने खरी जागा कुठे आहे ते सांगितलं असतं तर त्याची बोटं झिजली नसती.

खरी जागा शोधण्यात दीड आठवडा गेला. प्रकार असा होता: मॅन्युअलचा मुख्य मजकूर प्रकल्पाच्या सोर्समध्ये असतो. छोटी उदाहरणं मात्र एका वेगळ्याच संग्रहात राहतात, ती तिथून आपोआप ओढली जातात. आणि अंतर्गत गुणधर्मांची जी भलीमोठी यादी असते ती तर प्रोग्रॅमच्या कोडमधल्या वर्णनांवरून तयार होते, तिची स्वतःची लिहिलेली फाइलच नसते. तीन घरं, आणि बाहेरून एकच दार. वाचणाऱ्याला सगळी पानं सारखीच दिसतात. माझा ‘द’ त्या वेगळ्या संग्रहातला निघाला. तिथे पुन्हा वेगळं खातं, आणि केलेला बदल संपादकाच्या मंजुरीला जातो. मंजुरी मिळाली, तरी कोणीतरी स्क्रिप्ट चालवून संग्रह प्रकल्पात ओढेपर्यंत काही हलत नाही. मी रोज पान उघडायचो. रोज दोन ‘द’. दोनदा नम्रपणे विचारलं. तिसऱ्यांदा लिहिलेलं पत्र पाठवलं नाही, कारण ते नम्र राहिलं नव्हतं.

अखेर बदल ओढला गेला, तरी पान तसंच! कारण मी स्थिर आवृत्तीचं मॅन्युअल बघत होतो. या प्रकल्पात आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर विकासातली. दुरुस्ती आधी विषमात दिसते. तेव्हा टायपो दिसला की पहिल्यांदा विकासातलं पान उघडा. कदाचित तो कधीच सुधारलेला असेल आणि तुमचे पाच आठवडे वाचतील.

मधल्या काळात हात शिवशिवत होते म्हणून मुख्य मजकुरावर स्पेलचेकर चालवला. तो ‘फिस’ पाहून ‘फिश’ सुचवू लागला. हे सॉफ्टवेअर स्वरांची नावं मुळात डच पद्धतीने घेतं: शार्पसाठी (अर्धा स्वर वर) ‘इस’ आणि फ्लॅटसाठी (अर्धा स्वर खाली) ‘एस’ जोडायचं. म्हणजे ‘फिस’ हा एफ शार्प, मासा नव्हे. स्पेलचेकरचं ऐकून सगळीकडे बदल केला असता तर निम्मी उदाहरणं कोसळली असती. जर्मन नावं वापरणाऱ्या उदाहरणांत तर बी म्हणजे बी फ्लॅट, आणि साधा बी असतो एच. तिथे एच दिसला की ‘चूक’ म्हणून हात लावू नका.

त्याहून वाईट म्हणजे अवतरणचिन्हं. स्वरापुढचं सरळ एकेरी चिन्ह त्याला एक सप्तक वर नेतं, स्वल्पविराम खाली आणतो. माझ्या एडिटरने सरळ चिन्हं परस्पर गोल वळणाची केली होती. एका टायपोच्या दुरुस्तीत चाळीस ओळी बदललेल्या दिसल्या तेव्हा लक्षात आलं. ती सोय आधी बंद करा. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा आपोआप पुसणारी सोयही बंद करा. पाठवण्याआधी फरक डोळ्यांनी वाचा: एक शब्द काढला असेल तर एकच ओळ बदललेली दिसली पाहिजे.

हा स्पेलचेकरवाला दुसरा बदल, सहा खऱ्याखुऱ्या टायपोंचा, तीन दिवसांत स्वीकारला गेला. एक शब्दही न विचारता.

आणखी एक, विसरलोच होतो. अनुवादित मॅन्युअल सुधारत असाल तर फाइलच्या माथ्यावर अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ असते. अनुवाद इंग्रजी मजकुराच्या कोणत्या कमिटपर्यंत आणलेला आहे, त्याची ती खूण. तुम्ही फक्त टायपो काढत असाल तर तिला हात लावू नका. मी लावला नाही, कारण एव्हाना मी माथा वाचायला शिकलो होतो.