केएमसी अडलं होतं ते खुर्चीवर

कांगारू मदर केअर, आमच्या वॉर्डाच्या भाषेत केएमसी, ही काही कालची गोष्ट नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर पुरेनात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आपल्या सरकारची मार्गदर्शक पुस्तिका २०१४ ची. तरीही मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षात, रुजू झाले तेव्हा केएमसीचं फक्त पोस्टर भिंतीवर होतं.

प्रशिक्षण सगळ्यांचं झालेलं. कुणालाही विचारा, घडाघडा सांगेल: बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच, आईच्या छातीवर उभं धरायचं, हातपाय दुमडलेले, मान एका बाजूला वळवून जराशी वर, म्हणजे श्वास अडत नाही. पण हे करायचं कुठं? आई खाली पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, बाळ वर वॉर्मरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली. दूध पाजायला बोलावलं की बाई टाके सांभाळत जिना चढायची, लोखंडी स्टुलावर टेकायची, पाठ भरून आली की उठायची. सिझर झालेल्या बाईनं पाठ न टेकता तासभर बसावं, ही अपेक्षा कागदावरच ठीक.

खुर्च्यांची मागणी लिहिली. वॉर्मर मागितला असता तर सगळ्यांना कळलं असतं. त्याला किंमत असते, निविदा असते, उद्घाटनाचा फोटो असतो. खुर्ची म्हटल्यावर स्टोअरमधून विचारणा आली, ‘सिस्टरला बसायला पाहिजे का?’ शेवटी मेट्रन मॅडम म्हणाल्या, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय घाल. एका बैठकीत वेळच उरला नाही. पुढच्या वेळी बालरोगतज्ज्ञ सरांनी २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासाचा कागद पुढे ठेवला. भारतासह पाच देशांतली रुग्णालयं, १ ते १.८ किलोच्या आतली बाळं. जन्मल्या जन्मल्या केएमसी सुरू केलं त्यांत २८ दिवसांच्या आत १२ टक्के दगावली; तब्येत स्थिर होईपर्यंत थांबून सुरू केलं त्यांत १५.७ टक्के. अध्यक्षांनी विचारलं, ‘यासाठी मशीन कोणतं लागतं?’ मागं झुकणाऱ्या खुर्च्या आणि पडदे, एवढंच ऐकल्यावर त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि सही केली.

मग आज्यांची पाळी. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं वॉर्डात खरी सत्ता बाळंतिणीच्या आईची. ‘एवढंसं लेकरू उघडं ठिवून मारायचंय का त्याला?’ असं तोंडावर ऐकवायच्या. बरोबरच आहे, शेकायचं आणि गुंडाळायचं हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. वजनाचे तक्ते दाखवून काही उपयोग नव्हता. मी आजीचा हात धरून आधी बाळाच्या पोटाला लावायचे, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार म्हणजे लेकराला थंडी वाजतेय, हे त्यांना लगेच पटायचं. आईच्या अंगावर तासभर ठेवून पुन्हा तोच हात लावायला सांगायचे. पाय ऊबदार लागले की बोलणं संपलं. एका आजीनं तर लेकीला झोपायला पाठवलं आणि स्वतः चोळीच्या गाठी सोडून खुर्चीत बसली. आजीनं, मावशीनं, बापानंही केएमसी दिलेलं चालतं.

बापाचं जरा अवघड गेलं. ऊसतोडीच्या एका जोडप्याला जुळं झालं होतं. एक आईकडं, दुसरं कोण घेणार? बायकांच्या वॉर्डात शर्ट काढून बसायचं म्हणजे त्या पोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडदा ओढला, खुर्ची भिंतीकडं फिरवली. पहिल्या दिवशी तो श्वास रोखून बसला होता. नंतर त्याला उठवायला लागायचं.

एवढं होऊनही केएमसी माझ्या ड्युटीतच व्हायचं. मी रजेवर गेले की खुर्च्यांवर गाद्यांचे गठ्ठे. पुन्हा प्रशिक्षण घेऊ, असं वरून सुचवलं गेलं. मला ते पटेना. माहीत सगळ्यांना होतंच, फक्त विचारत कुणी नव्हतं. म्हणून बाळाच्या तक्त्यात तापमान आणि दुधाच्या शेजारी आणखी एक रकाना आखला: केएमसी, तास. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर, म्हणजे बाळांची माहिती देताना तोही वाचायचा. रिकामा रकाना मोठ्यानं वाचायला कुणालाच आवडत नाही. सरांनीही राउंडला तेच पहिलं विचारायला सुरुवात केली, आणि माझ्या मते खरा फरक तिथं पडला. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आमचे तास एप्रिल-मेमध्ये हमखास घसरतात. बाहेर बेचाळीस अंश असताना आई आणि लेकरू दोघं घामानं निथळतात. कूलर आहे, पण लाइट गेली की तोही बंद.

सुट्टी झाल्यावर आशाताईंची मदत होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली, त्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशभर कार्यक्रम आला २०११ ला. त्यामुळंच आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. पण हंगामात घराला कुलूप असतं. माणसं सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. म्हणून आता सुट्टीच्या कार्डावर आशाच्या नंबराखाली मुकादमाचाही नंबर लिहून घेते. काही मुकादम वैतागतात. बाकीचे फोन नेऊन बाईच्या हातात देतात, आणि मग मी वजन विचारायच्या आधी तास विचारते.